हर्मिसची रिबिटं: बट्टिकलोआतले सहा दिवस

विराट ही आपली जुनी विमानवाहू नौका तोडायला मुंबईहून अलंगला ओढून नेली ती 19 सप्टेंबर 2020 ला. कोरोनाचे दिवस होते. बाबांना गेटवेला जायचं होतं, आम्ही जाऊ दिलं नाही. डोंबिवलीच्या घरात त्यांनी मोबाइलवर व्हिडिओ पाहिला आणि त्या रात्री जेवले नाहीत. बाबांची सगळी नोकरी नेव्हल डॉकयार्डात, लायन गेटच्या आत, पत्र्याच्या कामात गेली. 1987 मध्ये विराट आपल्याकडे आली तेव्हा मी दुसरीत होते. नौदल सप्ताहात त्यांचं बोट धरून मी तिच्या डेकवर गेले होते. ‘जलमेव यस्य, बलमेव तस्य’ हे तिचं ब्रीद त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं होतं, ते अजून आठवतं.

विराट म्हणजे ब्रिटिशांची एचएमएस हर्मिस, हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं. पण त्याच नावाची तिच्याआधीची एक विमानवाहू नौका श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ 53 मीटर खोल तळावर पडून आहे, हे मला डायव्हिंग शिकायला लागल्यावर कळलं. बाबांना सांगितलं तर ते क्षणभर गप्पच झाले.

“ती अजून आहे?”

“आहे, पण गंजत चाललीय.”

“मग जाऊन बघून ये. आणि एक काम कर माझं. त्या काळचं जहाज म्हणजे पत्रे रिबिटं ठोकूनच जोडलेले असणार. पत्रा कुठे उघडा दिसला तर रिबिटांची ओळ बघ. कशी आहे ते मला सांग.”

इतक्या खोल जाण्याइतकं शिकायला मला चार वर्षं लागली. सुरुवात तारकर्लीत, पुढचं शिक्षण थायलंडमध्ये. यंदा जूनमध्ये योग आला.

पहिला दिवस: कोलंबो ते बट्टिकलोआ

मी आणि पुण्याची डॉक्टर मैत्रीण, दोघीच. आम्ही गेली पाच वर्षं एकमेकींच्या बडी, म्हणजे पाण्याखालच्या जोडीदार आहोत. पाण्याखाली तिचा नुसता हात हलला तरी मला कळतं तिला काय म्हणायचंय. मुंबईहून कोलंबो, तिथल्या फोर्ट स्टेशनवरून रात्रीची गाडी, आणि सकाळी बट्टिकलोआ. तमिळमध्ये याचं नाव मट्टक्कळप्पु. गाडीत झोप कमी आणि हिंदकळणं जास्त, पण पहाटे खिडकीबाहेर भाताची खाचरं, तळी आणि ताडाची झाडं दिसायला लागली आणि शीण गेला.

आम्ही उतरलो होतो ते घर कल्लडीच्या बाजूला, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर. 2004 च्या सुनामीने हा पट्टा धुऊन नेला होता. घरमालकीणबाईंना सगळे अक्का म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. त्यांनी पहिल्याच सकाळी पुढ्यात वाफाळत्या इडिअप्पमची चळत ठेवली. सोबत नारळाच्या दुधातलं पातळ कालवण आणि लाल मिरचीचं सांबोल. मी म्हटलं, अहो, या तर आमच्या कोकणातल्या शिरवाळ्या! आम्ही गुळाच्या रसातून खातो, हे मोडक्यातोडक्या तमिळमध्ये सांगितलं. अक्का आत गेल्या आणि नारळाचं दूध, गूळ घालून एक वाटी घेऊन आल्या. म्हणजे त्यांच्याकडेही तसं खातात. दोन घास खाल्ले आणि आजी आठवली.

हंगामाविषयी थोडं, कारण आपल्याकडच्या लोकांची इथेच गल्लत होते. जूनमध्ये आपला किनारा पावसामुळे बंद असतो, तेव्हा श्रीलंकेचा पूर्व किनारा शांत असतो. साधारण एप्रिल ते सप्टेंबर हे इथले डायव्हिंगचे महिने. ईशान्य मोसमी पाऊस सुरू झाला की बंद. मात्र जून-जुलैत दुपारी डोंगराकडून कोरडा, भाजणारा वारा येतो. त्याला इथे कच्चान म्हणतात. त्या वाऱ्यात तास-दोन तास सामान लावत बसलं की अंगातलं पाणी कधी संपतं ते कळत नाही, आणि अंगात पाणी कमी असताना खोल जाणं धोक्याचं. म्हणून आम्ही दिवसभर शहाळी पीत होतो.

दुसरा दिवस: ब्रिटिश सार्जंट

हर्मिसवर थेट कुणी नेत नाही आणि नेऊ म्हणाला तर त्याच्याबरोबर जाऊ नये. आधी तुमचं पाण्यातलं वागणं बघतात. त्यासाठी आम्हाला उत्तरेला पासिकुडाजवळ नेलं. तिथे पंचवीस मीटरच्या आसपास ब्रिटिश सार्जंट नावाचं तेलवाहू जहाज आहे, उलटं पडलेलं. हर्मिस बुडाली त्याच दिवशी, 9 एप्रिल 1942 ला, जपानी विमानांनी हेही बुडवलं.

सार्जंट पाहून मी आनंदले. पत्र्याच्या भगदाडांतून चमकत्या माशांचे थवेच्या थवे आत-बाहेर करत होते. पण माझं लक्ष पत्र्याकडेच होतं. सगळीकडे प्रवाळ आणि शिंपल्यांचा जाड थर, रिबिट एकही दिसेना. तेव्हाच शंका आली की बाबांचं काम सोपं नाही.

संध्याकाळी आमचा गाईड नकाशा घेऊन बसला. तिशीतला तमिळ मुलगा. श्रीलंकेतलं यादवी युद्ध संपलं 2009 मध्ये, तेव्हा तो शाळेत होता. “त्याआधी इथे मजेसाठी बोट घेऊन कोण जाणार, अक्का,” तो म्हणाला. त्याने हर्मिसची गोष्ट सांगितली. आम्ही ती वाचून आलो होतो, पण तिथल्या माणसाकडून, तिथल्या वाळूवर बसून ऐकणं वेगळं होतं.

विमानवाहू नौका म्हणूनच आराखडा काढून बांधायला घेतलेलं हे पहिलं जहाज. 1918 मध्ये काम सुरू झालं, नौदलात दाखल झाली 1924 मध्ये. मधल्या काळात जपानने आपली होशो आधी पूर्ण केली, त्यामुळे पहिली तयार झाल्याचा मान होशोकडे गेला. आणि पुढे हर्मिसला बुडवलं ते जपानच्याच विमानवाहू नौकांवरून उडालेल्या विमानांनी. त्रिंकोमालीवर हल्ला होणार अशी खबर आल्यामुळे तिला 8 एप्रिलच्या रात्री बंदरातून बाहेर काढलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती परत येत असताना बट्टिकलोआजवळ जपानी टेहळणी विमानाला दिसली. त्या वेळी हर्मिसवर तिचं स्वतःचं एकही लढाऊ विमान नव्हतं. किनाऱ्यावरून विमानं मागवली, ती वेळेत पोचली नाहीत. साडेदहाच्या सुमारास बॉम्ब पडायला लागले आणि अकराच्या आत ती बुडाली. 307 माणसं गेली, त्यात कप्तान ऑन्स्लो. सोबतची ऑस्ट्रेलियन विनाशिका व्हॅम्पायरही बुडाली. व्हीटा नावाचं रुग्णालय जहाज जवळ होतं म्हणून सहाशेच्या आसपास माणसं वाचली.

“तिथे आपण पाहुणे आहोत,” गाईड म्हणाला. “हात लावायचा नाही, आत शिरायचं नाही, काही उचलायचं नाही.” आम्ही दोघींनी मान हलवली.

तिसरा दिवस: परत फिरलो

पहाटे पाचला उठलो. हर्मिस किनाऱ्यापासून नऊ-दहा किलोमीटरवर आहे. बोटीने पाऊण तास. शॉटलाइन, म्हणजे तळाशी वजन बांधलेला दोर, सोडला, तर वर बांधलेला तरंगता गोळा प्रवाहाने पाण्याखाली ओढला जायला लागला. पाठीवर दोन सिलिंडर, कुशीला एक, अंगावर चाळीस-पंचेचाळीस किलो ओझं चढवून आम्ही बोटीच्या काठावर बसलेलो. नावाडी अण्णांनी पाण्याकडे बघितलं, मग आमच्याकडे, आणि नुसतं डोकं हलवलं. आज नाही.

चार वर्षं वाट पाहून इथवर आलेलो, घसा दाटून आला होता. मैत्रिणीने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “उद्या.” अण्णांनी परतताना सांगितलं की त्यांचे अप्पा या जागेवर गळ टाकून मासे धरायचे. तेव्हा जीपीएस नव्हतं, किनाऱ्यावरच्या खुणा जुळवून जागा काढायची. घरात तिला फक्त ‘कप्पल’ म्हणायचे. कप्पल म्हणजे जहाज. किती माणसं तिथे आहेत हे त्यांना फार पुढे कळलं, आणि तेव्हापासून अप्पा तिथे गळ टाकताना आधी हात जोडायचे.

म्हणून सांगते, हर्मिससाठी जाणार असाल तर हातात निदान तीन दिवस राखून ठेवा. दोन दिवसांचा बेत करून आलात तर समुद्राचं न ऐकता उतरायचा मोह होतो.

चौथा दिवस: हर्मिस

दुसऱ्या दिवशी गोळा पाण्यावर स्वस्थ डुलत होता.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी: साध्या डायव्हिंगची मर्यादा 40 मीटर. हर्मिसचा सगळ्यात वरचा भागच त्याच्या खाली, 42-43 मीटरवर सुरू होतो. तिथे साधी हवा घेतली तर नायट्रोजनची नशा चढते, विचार जड होतात. म्हणून आमच्या सिलिंडरमध्ये 21 टक्के ऑक्सिजन, 35 टक्के हेलियम आणि उरलेला नायट्रोजन असं मिश्रण होतं, आणि वर येताना घ्यायला 50 टक्के ऑक्सिजनचा वेगळा सिलिंडर. तळाशी वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांची किंमत म्हणून वर येताना अर्धा तास टप्प्याटप्प्याने थांबायचं. एकूण पन्नास-पंचावन्न मिनिटं.

दोर धरून उतरायला लागलो. वर निळं, खाली निळं. पंचवीस मीटरला खाली काहीतरी गडद असल्याचा भास झाला. पस्तीसला भासाला कड आली. आणि मग ती दिसली, एका टोकाकडून दुसरं टोक नजरेत न मावणारी. हर्मिस 183 मीटर लांब आहे. डाव्या कुशीवर कलंडून, काहीशी उपडी झालेली, थकून भिंतीकडे तोंड करून निजलेल्या माणसासारखी.

मी श्वास मोजत होते. या खोलीवर श्वास वाढला की वायू बघता बघता संपतो. सहा मोजून आत, सहा मोजून बाहेर.

जहाजाच्या कुशीवर पांढऱ्या-पिवळसर झुडपांचं रान होतं. ते काळं प्रवाळ. जिवंत असताना ते असं फिकट दिसतं, काळा असतो तो आतला सांगाडा. त्यातून गोबरे मोठाले मासे सावकाश फिरत होते, आम्हाला वळसा घालून जात होते. आम्ही पत्र्यापासून हातभर अंतर राखून पुढे सरकलो. जागोजागी पत्रा खचलाय. काही ठिकाणी नुसत्या बरगड्या उभ्या आहेत आणि त्यांच्यामधून आतला काळोख दिसतो. एका भगदाडाशी जुनं मासेमारीचं जाळं अडकलं होतं, त्यावरही प्रवाळ धरलं होतं. गाईडने टॉर्चचा झोत आत टाकला. कोसळलेले पत्रे एकावर एक पडले होते, जुन्या वाड्याचं छत बसावं तसे. तो नंतर म्हणाला की त्याने पहिल्यांदा पाहिलं तेव्हा इथे पोकळी होती.

आत न शिरण्यामागे आदर आहे, आणि आणखीही कारण आहे. आपण सोडलेले बुडबुडे आत छताला साठतात, त्या हवेतल्या ऑक्सिजनने गंज वेगाने वाढतो आणि वरचे पापुद्रे गळून पडतात. बाहेरून प्रवाळाचा थर पत्र्याला थोडंफार सांभाळतो. कुणी नांगर टाकून किंवा हात घालून तो थर खरवडला की खालचं लोखंड उघडं पडतं आणि समुद्र पुन्हा नव्याने त्याला खायला लागतो.

मग तोफ दिसली. हर्मिसवर साडेपाच इंची सहा तोफा होत्या, त्यातली एक. नळीवर प्रवाळ इतकं चढलंय की ती झाडाच्या फांदीसारखी वाटते, पण तोंडाचा गोल अजून नेमका गोल आहे. मैत्रीण तिथे थांबली. तिने दोन्ही हात छातीशी जोडले. मीही जोडले. आमच्या तिघांच्या बुडबुड्यांखेरीज कसलाही आवाज नव्हता.

अठराव्या मिनिटाला गाईडने अंगठा वर केला. मला रिबिटं सापडली नव्हती.

वर येताना सहा मीटरच्या टप्प्यावर दोराला लटकून बसलो होतो तेव्हा मास्कमध्ये पाणी साचलं. बाहेरचं नव्हतं.

दुपारी अक्कांनी खेकड्याचं कालवण केलं होतं आणि भात. दोघींनी हाताने फोडून, चोखून, तासभर जेवलो. शेवटी मातीच्या गाडग्यातलं म्हशीचं दही, वर कित्तुळ झाडाच्या रसाची काकवी. बट्टिकलोआचं दही प्रसिद्ध आहे, आणि ते गाडग्यातूनच खावं, वाटीत काढून घेतलं की ती चव राहत नाही.

पाचवा दिवस: रिबिटं

पुन्हा पहाट, पुन्हा दोर. आदल्या रात्री गाईडला मी बाबांचं काम सांगितलं होतं. त्याने विचार केला आणि म्हणाला, तोफेच्या पुढे एक जागा आहे, वरचा मोठा पत्रा अलीकडेच निसटून खाली गेलाय, तिथे बघू.

तिथे खरोखरच एक पट्टा उघडा होता, साधारण दाराच्या फळीएवढा. प्रवाळ नुकतंच धरायला लागलेलं, लहान लहान ठिपके. आणि त्यावर रिबिटं. मी टॉर्च आडवा धरला तशी प्रत्येकाची सावली पडली. दोन ओळी, एकमेकींना समांतर, पण वरच्या ओळीतलं रिबिट खालच्या दोघांच्या मधोमध. आजूबाजूचा पत्रा इतका झिजलाय की रिबिटांची डोकी वर उठून आली आहेत, जुन्या कोटाच्या बटणांसारखी. काही जागी डोकं गेलंय आणि भोक राहिलंय, अंगठा जाईल एवढं. एका भोकातून आतला काळोख दिसत होता आणि दुसऱ्यात एक इवलासा मासा बसला होता, तोंड बाहेर काढून.

मी मोजायला लागले. मनगटावरच्या पाटीवर पेन्सिलीने रेघा मारल्या. वरची ओळ: सतरा शाबूत, चार गेलेली. खालची: चौदा शाबूत, सात गेलेली. मैत्रीण घड्याळ दाखवत होती. एकाही रिबिटाला बोट लावलं नाही, लावावंसं फार वाटलं. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या कुठल्यातरी गोदीत कुणीतरी तापवून लाल केलेलं रिबिट भोकात घातलं असेल आणि दुसऱ्याने घण मारला असेल. बाबांसारखीच माणसं. संध्याकाळी घरी जाऊन जेवणारी.

काही कामाच्या गोष्टी, विसरण्याआधी:

हेलियम ऐन वेळी मिळत नाही. निघण्याच्या महिनाभर आधी डायव्ह सेंटरला विचारून पक्कं करा आणि मिश्रण स्वतः मोजून घ्या. जवळचा रिकम्प्रेशन चेंबर, म्हणजे वर येताना त्रास झाला तर उपचार करायची दाबाची खोली, कुठे आणि तिथवर किती तास, हे उतरण्याआधी विचारायचा तुम्हाला हक्क आहे. विम्यात खोल डायव्हिंगचा स्पष्ट उल्लेख हवा. वर सोडायचा नळीसारखा फुगा प्रत्येकीकडे स्वतःचा असू द्या, प्रवाहात दोर सुटला तर बोटीला तुम्ही त्यावरूनच दिसता. आणि ज्यांना 40 मीटरच्या खालचं शिक्षण नाही त्यांनी सार्जंट बघावी, ती कमी नाही. मी तिथेही पुन्हा जाईन.

सहावा दिवस: पूल, किल्ला, खाडी

अशा टप्प्याटप्प्याने थांबत वर यायच्या डाईव्हनंतर चोवीस तास विमान नाही, म्हणून हा दिवस राखलेला. बट्टिकलोआचा किल्ला खाडीच्या काठावर आहे. पोर्तुगिजांनी 1628 मध्ये बांधला, दहा वर्षांत डचांनी घेतला. भिंतीवर बसून खाडी बघत राहिलो. ऊन फार होतं, लवकर परतलो.

रात्री अण्णा आम्हाला होडीतून कल्लडीच्या जुन्या लोखंडी पुलाखाली घेऊन गेले. हा पूलही 1924 चा, हर्मिस नौदलात आली त्याच सालचा. इथल्या खाडीतले मासे गातात अशी ख्याती आहे. पौर्णिमा जवळ होती. अण्णांनी वल्हं पाण्यात उभं धरलं आणि दुसरं टोक कानाला लावायला सांगितलं. आधी काहीच नाही. मग अगदी बारीक, तंबोऱ्याची तार दूर कुठेतरी जुळवत असावेत तसा सूर. थांबला. पुन्हा आला. मैत्रिणीलाही ऐकू आला. डोक्यावर पुलाचे लोखंडी आडवे पट्टे होते आणि चांदण्यात त्यांच्यावरची रिबिटं स्पष्ट दिसत होती, रंग लावलेली, एकूण एक जागेवर.

डोंबिवली

रविवारी घरी पोचले. बाबा दार उघडून उभेच होते. चहा होईपर्यंत थांबले नाहीत.

“सापडली?”

मी पाटीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावला, रेघा स्वतः पुन्हा मोजल्या.

“ओळ एकेरी की दुहेरी?”

“दुहेरी. वरचं रिबिट खालच्या दोघांच्या मध्ये.”

“नागमोडी,” बाबा म्हणाले. त्यांनी पेपर ओढला, समासात पेन्सिलीने ठिपके काढायला लागले. वर एकवीस, खाली एकवीस. मग जी गेली होती त्यांच्याभोवती एकेक गोल. “कुठली कुठली गेली होती, आठवतंय? डावीकडून सांग.”

मी डोळे मिटले आणि डावीकडून सांगायला लागले.